सोड्याची चिमूट

तृषार्ताला पाणी देणे हे पुण्य खरे. परंतु सर्वांनी घाम गाळून मिळवलेले पाणी पाजण्यायोग्य नाही, हे ज्याला प्रथम उमगते, त्याच्या वाट्याचे कर्तव्य फार कठोर असते. आटपाडीच्या पूर्वेकडील एका वस्तीशाळेत ते रहिमतबीच्या वाट्याला आले. एकोणीस वर्षे ती तेथे मुलांचा आहार शिजवीत होती.

साडेबारा वाजले, तरी पातेल्यातील तूरडाळ टणकच होती. रहिमतबीचा हात सवयीने खाण्याच्या सोड्याच्या डब्याकडे गेला आणि थांबला.

गेले आठ दिवस आहार नव्या विहिरीच्या पाण्यावर शिजत होता. पहिल्याच दिवशी डाळ शिजेना, तेव्हा तिने कोणाला न सांगता चिमूटभर सोडा टाकला. उपसा झाला की पाणी निवळेल, अशी स्वतःची समजूत घातली. खरे कारण निराळे होते. वस्तीने चार महिने श्रमदान करून ही विहीर खणली होती. मेंढरे बसवण्याची आपली जागा वस्तीच्या तात्यांनी, म्हणजे नानासोंनी, तिच्यासाठी दिली होती आणि सत्तरीच्या वयात स्वतः पहार धरली होती. त्या माणसाला हे सांगावे कसे?

आज मात्र मुख्याध्यापिका शिवांजलीबाईंच्या टेबलावर कागद येऊन पडला होता. आठ दिवस वापरून पाणी योग्य ठरले, असे लिहून दिले की उद्यापासून शाळेचा पिण्याच्या पाण्याचा टँकर बंद. मुले हेच पाणी पिणार. न द्यावे, तर शाळा बंद करून सतरा मुलांना चार किलोमीटरवरच्या गावी पाठवण्याचे वरून ठरले होते. प्रयोगशाळेचा अहवाल अद्याप आला नव्हता. त्या सतरांत रहिमतबीची नात जीनत होती.

वाढण्यापूर्वी आहाराची चव घेण्याचा मान शाळा समितीच्या नानासोंचा. ते ओसरीवर येऊन बसले.

"काय गं रहिमत, लय उशीर आज? पोरं ताटं वाजवाय लागली. बँडवालं हुत्याल समदी!"

"बसा तात्या."

"बाई, त्यो कागुद बी आना हिकडं. आमटी पोटात पडली की आंगठा दितो."

"तात्या, सही येते की तुम्हाला," शिवांजलीबाई हसल्या.

"येती. पर आंगठा कसा ठळक उमटतो!"

रहिमतबीने वाटी पुढे ठेवली. नानासोंनी घोट घेतला. दाताखाली डाळ करकरली.

"कच्ची हाय की गं!"

"तीन तास शिजतीया, तात्या."

"आन् काल तर लोण्यावानी हुती!"

"काल सोडा हुता. आठी दिस सोडा हुता." तिने सोड्याचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. "ह्या पान्यात डाळ शिजत न्हाई. डाळीला सोसंना, ते पोरांच्या पोटाला कसं सोसंल? तुमच्या तोंडाकडं बघून मी गप बसले."

"अगं, पण शाळा जाईल रहिमतबी!" शिवांजलीबाई कासावीस झाल्या. "निदान अहवाल येईपर्यंत तरी थांबायचं होतंस."

"पोरं उद्या पित्याल, बाई. अहवाल कवा येनार?"

बाई आत जाऊन तो कागद घेऊन आल्या.

नानासो कितीतरी वेळ ती डाळ चावीत राहिले. थुंकले नाहीत; गिळली.

"पानाड्यानं पानी सांगितलं, आमी पानी काढलं. कसलं पानी, ते कुनीच न्हाई इचारलं."

"मला शिव्या द्या, तात्या."

"आठ दिसांच्या शिव्या दीन कवातरी. आजच्या न्हाई." ते बाईंकडे वळले. "लिवा बाई. पिन्याजोगं न्हाई म्हनून लिवा."

"आणि शाळा?"

नानासोंनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची, हे त्यांनाही ठाऊक नसावे.

टँकरच्या उरलेल्या पाण्यात त्या दिवशी मुलांना नुसता भात मिळाला.

उन्हे कलल्यावर नानासो बाभळीच्या फांद्या ओढत विहिरीपाशी आले. एखाद्या मुलाने पोहरा टाकू नये, म्हणून तोंड झाकायचे होते. फांदीचे दुसरे टोक रहिमतबीने धरले. खाली पाणी नितळ दिसत होते. सारे आभाळ त्यात स्वच्छ उतरले होते.

त्या चार हातांना काटा न रुतो. आणि ती सतरा मुले जिथे जातील, तिथल्या माठातले पाणी गोड असो.