खांद्यावरचा ब्रेक

"काका, ह्या लाल गाडीत अठरा हजारांचं जास्तीचं आहे तरी काय? उडते का ही?"

प्रश्न फेकून भिंगरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शोरूमच्या काचेबाहेर तिच्या दोन मैत्रिणी, चष्मिष आणि लंबू, दप्तरं छातीशी धरून खुसखुसत होत्या. पैज त्यांचीच. "एवढ्या गप्पा मारतेस ना, मग जा आणि त्याला तोंडावर विचार!" गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणताना जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे, तिने यंदा वक्तृत्वाचं बक्षीस मारलं होतं. अशा मुलीला पैज लावायची म्हणजे उतारावरच्या चाकाला धक्का द्यायचा.

पैज गमतीची होती. प्रश्न मात्र गमतीचा नव्हता. रविवारी हीच लाल गाडी त्यांच्या दारात येणार होती आणि ती ज्याला हवी होती, तो घरात उरला नव्हता.

दादाला जाऊन अकरा महिने झाले होते. चार दिवसांचा ताप, आणि पाचव्या दिवशी त्याचे कपडे पिशवीत घालून बाबा दवाखान्यातून परत आले. त्याआधी पंधराच दिवस जेवताना गाडीवरून वाजलं होतं. दादाला हवी होती लाल, झुकून चालवायची. बाबा म्हणाले होते, "इंजिन तेच, चाकं तीच. स्टिकरांचे कसले पैसे मोजतोस? साधी घे." दादा मान खाली घालून जेवला आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप साधी नोंदवून आला. गाडी यायच्या आत तोच गेला.

ते वाक्य बाबांच्या घशात अडकलं ते अडकलंच. "पोराने आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि मी हात आखडला," एवढंच ते म्हणत. दादा आईला कामावर सोडायचा ती जुनी गाडी त्यांनी विकून टाकली. आई कामावर पाऊण तास पायी जाऊ लागली. आणि आता रविवारी, दादाच्या वाढदिवसाला, बाबा लाल गाडी आणणार होते. चालवायला नाही, नुसती दारात उभी करायला. आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. रोज जाता-येता त्या उभ्या गाडीला वळसा घालायचा, हे भिंगरीला सहनच होणार नव्हतं.

सेल्समन हा गोलमटोल गृहस्थ होता. हातातल्या पिवळ्या फडक्याने आरसा पुसत तो म्हणाला, "उडत नाही गं बाई, खिसा तेवढा उडवते. हँडल खाली घेतलंय, सीटचे दोन तुकडे केलेत, मागचं टायर जाड आहे. बाकी पळायला दोघी सारख्याच. पण तरुण पोरं आधी डोळ्यांनी गाडी चालवतात, मग हातांनी. त्या डोळ्यांचे हे अठरा हजार."

"मग आमचे बाबा कुणाच्या डोळ्यांचे देतायत?" भिंगरी फटकन बोलून गेली. "रविवारी आमच्याकडेच येणार आहे ही. त्यांनी तुम्हाला फोन केला होता, दादासाठी म्हणून."

फडकं आरशावरच थांबलं. "तू त्याची बहीण?"

त्याने तिच्यापुढे स्टूल सरकवलं. बाहेर चष्मिष आणि लंबूचं हसूही कुठे तरी सांडलं.

"तुझा भाऊ आला ना, तो लाल गाडीचेच पैसे घेऊन आला होता," तो म्हणाला.

"पण बाबा नको म्हणाले होते."

"तेही बोलला की. म्हणाला, 'बाबांना मी संध्याकाळपर्यंत गुंडाळतो. फणस आहेत ते, वरूनच काटे.' मग मला म्हणाला, 'काका, जरा मागे बसा. एका बाजूला पाय सोडून. माझी आई बसते तसे.' आता हा देह आणि ती तळहाताएवढी मागची सीट! दोनदा घसरलो. त्यावर म्हणतो कसा, 'आता माझा खांदा थोपटा.' हात लांब केला तर पोचेचना. चालवणारा पुढे झुकतो ना हिच्यात."

भिंगरीचा हात नकळत स्वतःच्या खांद्यावर गेला. आई मागे बसली की एकदा थोपटायची, म्हणजे हळू. दोनदा थोपटलं की थांब. रस्ता मोकळा असो, नसो, दर चौकात थाप ठरलेली. "आई, गट्टे पडले गं खांद्याला!" दादा ओरडायचा, आणि तरी हळू घ्यायचा.

"खूप हसला," सेल्समन म्हणाला. "मग हिच्या टाकीवरून हात फिरवत राहिला. डोळ्यांत भरली होती त्याच्या, खोटं कशाला सांगू? शेवटी म्हणाला, 'साधी लिहा. गाडीला दोन ब्रेक असतात, आमच्या गाडीला तीन. तिसरा माझ्या खांद्यावर असतो, आणि त्याच्याशिवाय मला चालवताच येत नाही.'"

त्याने खणातून एक कागद काढला. "रद्द झालेले फॉर्म आम्ही फाडून टाकतो. हा मात्र फाडवेना."

'लाल' या शब्दावर काट मारलेली होती. शेजारी दादाचं तिरकं अक्षर : साधी. मागे आई बसते.

बाहेर आल्यावर लंबूने विचारलं, "काय गं, उडते का?"

"नाही," भिंगरी म्हणाली. चष्मिषने काही न विचारता तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं.

घरापर्यंत कागद तिच्या मुठीत घामेजत राहिला. हा दाखवला तर बाबांच्या घशातला काटा निघेल, पण तोच आईला रुतेल. आपल्यापायी पोराने हौस मारली, म्हणत ती आणखी मिटून जाईल. कोपऱ्यावर दप्तर परत घेऊन तिने कागद त्यात लपवला. फाटकाशी परत काढला.

बाबा दाराशी कुंड्या सरकवून गाडीसाठी जागा करत होते. आई उंबऱ्याशी उभी होती. भिंगरीने बोलायला तोंड उघडलं, आणि वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेल्या पोरीचा आवाज पुन्हा गेल्या वर्षीसारखा झाला. तिने नुसता कागद पुढे केला आणि अडखळत, जसंच्या तसं, सगळं सांगितलं.

बाबा कुंडी धरूनच खाली बसले. "म्हणजे माझ्यामुळे नाही..." एवढंच त्यांच्या तोंडून आलं आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा ते मोठ्याने रडले.

आई त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. "माझ्यामुळे," ती म्हणाली. "माझ्या मेल्या बसण्यापायी."

"हो, तुझ्यामुळेच," भिंगरी म्हणाली. आईचा हात उचलून तिने आपल्या खांद्यावर ठेवला. "त्याला तू मागे हवी होतीस, आई. लाल गाडीपेक्षा जास्त."

मग भिंगरीने डोळे पुसले.

"लाल गाडी येणार नाही. बाबा, मी ठरवलंय. रविवारी साधी आणायची आणि सोमवारपासून आईला कामावर तुम्ही सोडायचं. दोन वर्षांनी मला अठरा पूर्ण झाली की मी सोडणार. आणि आई, तू मागे बसून दर चौकात थोपटायचंस. मला दोन ब्रेकवर चालवता यायची नाही."