बिनखिळ्यांचं कपाट

हातोडा टेबलावरच्या काचेवर पडला आणि वकिलाच्या कपबशीसकट काचेचा चुरा झाला.

"फाइल काढ!" मिस्त्री ओरडला. पंधरा मिनिटं तो 'साहेब, साहेब' करत होता. आता 'साहेब'ही गेलं आणि 'तुम्ही'ही गेलं.

वकील खुर्चीसकट मागे सरकला, पण जीभ काही सरकली नाही. "मिस्त्री, कपाट दिलंत ते केस दाखल करायच्या फीपोटी. चालवायची फी वेगळी. ती द्या, फाइल घेऊन जा."

"चालवलीस कुठं तू? तीन तारखांना तोंड दाखवलं नाहीस. केस काढून टाकली कोर्टानं, जावई मोकाट सुटला!"

"माझी तब्येत बरी नव्हती."

तब्येत! मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने स्टुलाने पोरीचा जबडा फोडला, तो जावई केस निघाली त्या संध्याकाळी मिस्त्रीच्याच दारावरून शीळ घालत गेला होता. नव्या वकीलबाईंनी बजावलं होतं, मूळ कागद आज पाचच्या आत आणा, म्हणजे केस पुन्हा उभी करता येईल. दवाखान्याचा दाखला आणि जबड्याचा एक्स-रे. मुदतीचा आज शेवटचा दिवस, आणि साडेतीन वाजून गेले होते. कागद कपाटात, कपाटाला कुलूप, आणि कपाट खुद्द मिस्त्रीच्या हातचं. फी म्हणून दोन महिने राबून केलेलं, एकही खिळा न ठोकता. आपल्याच पायावर इतकी नेमकी कुऱ्हाड मारायला सुतारच लागतो, असं तो हल्ली घरी म्हणायचा.

त्याने कपाटावर घाव घातला. हातोडा उसळून परत आला. दुसरा घातला, तिसरा घातला. नुसतं पॉलिश उडालं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना," वकील म्हणाला, "कुणाच्या बापाला फुटणार नाही म्हणून?" आणि तो हसला. हसायला नको होतं.

मिस्त्रीने त्याची मानगूट धरली आणि त्याचं तोंड कपाटाच्या दारावर आदळलं. एकदा, मग पुन्हा एकदा. नाक फुटलं, पांढऱ्या शर्टावर रक्त ओघळलं. खरं सांगायचं तर मिस्त्रीला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच बरं वाटलं. त्याने हातोडा उगारला.

तेवढ्यात त्याला मुलगी दिसली.

मघाशी ती दाराशी खुर्चीवर बसली होती. आता कोपऱ्यात, जमिनीवर होती. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीत खुपसलेली, दोन्ही हात डोक्यावर. तोंडातून आवाज नाही. ओरडलं की जास्त पडतात, हे ती सासरी शिकून आली होती. कोपराखालून ती वकिलाकडे नाही, हातोड्याकडे बघत होती.

"अगं, मी आहे. बाबा," मिस्त्री म्हणाला.

ती हलली नाही.

त्याने हातोडा खाली ठेवला, आवाज न होऊ देता. मग कपाटाच्या वर हात घालून मागची बोटभर लाकडी खुंटी अंगठ्याने दाबली. दार कुलपासकट सुटून हातात आलं. डोकं ठिकाणावर असतं तर हे आल्या आल्या आठवलं असतं.

फाइल मुलीने स्वतः उठून काढली. एक्स-रे खिडकीकडे धरून पाहिला. मग नाकाला रुमाल लावून बसलेल्या वकिलापुढे कोरा कागद सरकवला. वाकड्या जबड्यातून तिचे शब्द सावकाश येत.

"लिहून द्या. कपाट मिळालं, फी पोचली. दुसरा वकील करायला हरकत नाही."

"मी मारहाणीची तक्रार करणार आहे!"

"करा. बाबांनी मारलं, हे मी पाहिलंय. कुणी विचारलं तर सांगेन." मिस्त्रीने चमकून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही तीन तारखांना आला नाहीत, तेही सांगेन. हातोडा खाली आहे आता. लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

वकिलाने रुमाल बाजूला ठेवून पेन काढलं. मग लिहिलं, सही केली. तोवर मिस्त्रीने दार पुन्हा चौकटीत बसवलं आणि उडालेल्या पॉलिशवरून उगाचच हात फिरवला.

कोर्ट दहा मिनिटांवर होतं. रस्ता ओलांडताना त्याने सवयीने तिचा दंड धरायला हात पुढे केला. ती दचकून बाजूला झाली. मग तिलाच वाईट वाटलं असावं.

"तो द्या माझ्याकडे," ती म्हणाली.

त्याने दुसऱ्या हातातला हातोडा दिला. तिने तो पिशवीत तळाशी घातला, फाइल छातीशी धरली आणि पुढे निघाली. मागून कुणी आलेलं कळलं नाही की ती घाबरते, हे त्याला ठाऊक होतं. आपण किती मागे आहोत हे तिला कळावं म्हणून मिस्त्री कोर्टापर्यंत चपला वाजवत चालत राहिला.