मुदतवाढ

ऑफिसात तिला सगळे कुलूपबाई म्हणत. फळं आणि मासे गोठवून ठेवणाऱ्या त्या कंपनीतले जुने ईमेल तिच्या ताब्यात होते. मेल एकदा त्या भांडारात गेला, की मुदत संपेपर्यंत तो कोणालाही पुसता येत नसे, मालकाला नाही आणि तिलाही नाही. मुदत वाढवता येई, कमी मात्र करता येत नसे. पाच वर्षं भरली की त्या दिवसाचे मेल संध्याकाळी सहाच्या सफाईत आपोआप जात. गेले की गेले. मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी परत मिळायचे नाहीत.

जेवण करून ती जागेवर येऊन बसली, तेव्हा कंपनीच्या वकीलबाईंचा निरोप येऊन पडला होता. पाच वर्षांपूर्वीच्या अमोनिया गळतीवरून कॉम्प्रेसर खोलीतल्या, सगळे ज्यांना काका म्हणत त्या जुन्या कामगाराने कंपनीवर दावा लावला होता. दुरुस्ती विभागाचे त्या काळातले सगळे मेल ताबडतोब होल्डवर टाका, म्हणजे दावा मिटेपर्यंत त्यांची मुदत वाढवा, असं वकीलबाईंनी लिहिलं होतं.

तिने तारखा पाहिल्या आणि खुर्ची पुढे ओढली. गळतीच्या आदल्या दिवसाचे मेल आज संध्याकाळच्या सफाईत जाणार होते.

तेवढ्यात दार उघडलं. तिचा धाकटा भाऊ आत आला आणि त्याने पाठीने दार लोटलं. तो आता दुरुस्ती विभागाचा प्रमुख होता, पण ती अजून त्याला बारक्याच म्हणे.

"होल्ड टाकलास?" त्याने विचारलं.

"आत्ताच निरोप वाचतेय. तुला कसं कळलं?"

"मॅनेजरसाहेबांनी सांगितलं." तो समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकला. "ताई, उद्या टाक ना."

"उद्या?"

"उद्या टाकलास तरी गळतीच्या दिवसापासूनचं सगळं राहील. फक्त एका दिवसाचं जाईल. कोणी विचारलं तर सांग, निरोप उशिरा पाहिला. दिवसाला ढीगभर निरोप येतात तुला."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्या खोलीत यंत्रांसाठी एवढा गारवा ठेवलेला असे, की ती बारा महिने स्वेटर घालून बसे.

"त्या दिवशी काय आहे, बारक्या?"

तो खाली बघत म्हणाला, "काकांनी मेल केला होता मला. व्हॉल्व्हपाशी वास येतोय म्हणून. मी लिहिलं, पुढच्या आठवड्यात बघू."

दुसऱ्या दिवशी तो व्हॉल्व्ह फुटला होता. एका मुलाला ढकलत बाहेर काढताना काका स्वतः आत अडकले होते. तेव्हा चौकशी झाली, 'अपघात' असा शेरा पडला आणि विषय मिटला. काका मात्र दर वर्षी थोडे अधिकच धापा टाकू लागले. आता तर त्यांना जिना चढणंही जमत नव्हतं.

"पाच वर्षांत एकदा बोलला नाहीस," ती म्हणाली.

"काय बोलणार होतो? आणि ऐक, ते एकच वाक्य म्हणजे सगळं नाही. त्याआधी मी तीनदा नवा व्हॉल्व्ह मागितला होता. मॅनेजरने तिन्ही वेळा नाही म्हटलं. लेखी! ते मेल काढ की. ते ठेव होल्डवर, मग हाही ठेव. माझी काही तक्रार नाही."

तिची बोटं कीबोर्डवर धावली. भावाचं नाव, मॅनेजरचं नाव, गळतीआधीचे महिने. तिने पुन्हा शोधलं, मग तिसऱ्यांदा. पडदा कोराच राहिला.

"गेले," ती म्हणाली. "शेवटचा असेल तोही मागच्या महिन्यातच गेला असणार. मुदत संपली होती."

बारक्या कोरडं हसला. "वा! म्हणजे त्याचं 'नाही' हवेत गेलं आणि माझं 'पुढच्या आठवड्यात' तेवढं शिल्लक. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि तू आता तेच कुलपात घालणार?"

कुलूपबाईचे हात कीबोर्डवरच थांबले. वडील गेले तेव्हा बारक्या पहिलीत होता. त्याच्या शाळेत पालक म्हणून तीच जायची. त्याने काचा फोडल्या की बोलणी खायला तीच उभी राहायची. आज तर त्याच्यासाठी लगेच खोटं बोलण्याचीही गरज नव्हती. नुसतं हात बांधून बसलं की झालं. संध्याकाळ आपल्या पायांनी आली असती आणि काम करून गेली असती.

आणि तो म्हणत होता ते खरंही होतं. अर्धं खरं कुलपात घालणं, हा कुठला न्याय?

"मॅनेजरने तुला पाठवलं का माझ्याकडे?" तिने विचारलं.

"पाठवलं असं नाही. म्हणाला, तुझा मेल आज जातोय, बहिणीला सांगून बघ."

"आणि तुझा मेल राहिला, तर तो व्हॉल्व्ह आधीच का बदलला नाही, हे तुला विचारतील. तू त्याचं नाव घेशील. तुझा मेल गेला, की तोही सुटला."

बारक्याने बाहीने कपाळ पुसलं.

"काकांना भेटलास कधी, त्यानंतर?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"कुठल्या तोंडाने जाऊ, ताई?"

ती पडद्याकडे वळली आणि होल्डची मागणी भरू लागली. मागणी तिची, पण मंजुरी दुसऱ्याची, असा भांडाराचा नियम होता. एकट्या माणसाच्या हातात तिथलं काहीच नसे. मंजुरी द्यायची ती सुरक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे झुपकेदार मिशांमुळे ज्यांना सगळे मेजर म्हणत त्यांनी. तिने फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. शेवटी एका बाईने उचलला.

"ते दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आहेत. दाढ काढतोय. नंतर करा."

"नंतर नाही चालणार. तोंड उघडं असलं तरी कान मोकळे आहेत ना? फोन कानाला लावा त्यांच्या."

बारक्या उठला. टेबलाला वळसा घालून तो तिच्याजवळ आला आणि त्याने फोन धरलेल्या तिच्या हातावर हात ठेवला. त्यात जोर नव्हता.

"ताई, ठेव फोन. तुझ्या पाया पडतो. माझं घर आहे, आई आहे माझ्याकडे."

"हात काढ, बारक्या."

"तू माझी बहीण आहेस की त्यांची?"

"हात काढ आधी. मग सांगते."

त्याने हात काढला. पलीकडून मेजरांचा आवाज आला, पण जीभ बधिर असल्यामुळे शब्द उमगत नव्हते. तिने सगळं एका दमात सांगितलं. "हूं… फां…" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला. थांब म्हणाले की फार त्रास देऊ नकोस म्हणाले, हे तिला कळेना.

ती पडद्याकडे बघत बसली. मागणीपुढे 'मंजुरी बाकी' हे शब्द तसेच होते. खिडकीबाहेर दिवसपाळीची माणसं फाटकाकडे निघाली होती. तिने पुन्हा फोन लावला, तो आता बंद लागत होता. बारक्या भिंतीला टेकून घड्याळाकडे बघत होता. दोघं एकाच गोष्टीची वाट बघत होते, पण एकीला ती यायला हवी होती आणि दुसऱ्याला नको.

सहाला थोडाच अवकाश उरला, तेव्हा पडदा हलला. मेजरांची मंजुरी आली होती. तिने शेवटचं बटण दाबण्याआधी वर पाहिलं. बारक्याने मान फिरवली. तिने बटण दाबलं.

सफाई सुरू झाली आणि संपली. इतर विभागांचे त्या दिवसाचे मेल गेले. दुरुस्ती विभागाचे जागच्या जागी राहिले. तिने खात्री करून मागे पाहिलं, तेव्हा दार उघडं होतं आणि बारक्या निघून गेला होता.

त्या आठवड्यात आईचा फोन आला. "सख्ख्या भावाला गाळात घातलंस," एवढंच बोलून आईने तो ठेवला. नंतर उचललाही नाही. कुलूपबाई रोज कामावर येत राहिली. जेवणाच्या सुट्टीत बारक्या दिसला की तो ताट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे वळे, आणि तिचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राही.

सुनावणीच्या दिवशी लांब टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर आणि बारक्या होते, तर दुसऱ्या बाजूला काका, नाकाला नळी लावून. मेल मोठ्याने वाचला गेला. मॅनेजर म्हणाला, "मला व्हॉल्व्हबद्दल कधीच कोणी कळवलं नव्हतं."

"मी तीनदा कळवलं होतं," बारक्या म्हणाला.

"पुरावा?"

सगळे कुलूपबाईकडे वळले. ती म्हणाली, "त्या काळातले मेल मुदत संपून गेले आहेत."

"त्यात काय होतं?"

तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते तिने वाचलेलं नव्हतं, फक्त ऐकलेलं होतं, तेही भावाच्या तोंडून. "मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. बारक्याने डोळे मिटून घेतले.

तेव्हा काकांनी हात वर केला. एकेका शब्दासाठी ते श्वास गोळा करत होते.

"मागितला होता त्याने. तिसरं 'नाही' आलं, तेव्हा तो माझ्याच खोलीत होता. रागाने मला वाचून दाखवलं." ते थांबले. खोलीत फक्त नळीची फुसफुस ऐकू येत होती. "पण 'पुढच्या आठवड्यात' हेही त्यानेच लिहिलं. त्या दिवशी तो यायला हवा होता. दोन्ही लिहून घ्या."

बारक्या उभा राहिला. "लिहून घ्या," तो म्हणाला. "मी यायला हवं होतं."

निकाल लागायला बरेच महिने गेले. काकांच्या औषधोपचाराचा भार कायमचा कंपनीवर पडला. मॅनेजरला जावं लागलं. बारक्याचं प्रमुखपद गेलं आणि तो पुन्हा पाळीवर, हातात पाना घेऊन उभा राहिला. तो काकांच्या घरी जाऊन आला, हे कुलूपबाईला काकांच्या बायकोकडून कळलं. तासभर बसला आणि चहा गार करून गेला, असं त्या म्हणाल्या.

तिच्याशी तो बोलला तो एकदाच, फाटकापाशी. "मला अजून राग आहे तुझा," तो म्हणाला.

"असू दे."

"जाईल तेव्हा सांगेन."

"सांग," ती म्हणाली. यापेक्षा जास्त काही बोलायचा तिला धीर झाला नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच आईचा फोन आला. मधे काही झालंच नाही अशा आवाजात ती म्हणाली, "जेवायला ये. तो पण आहे घरी. भांडायचं असेल तर जेवून भांडा, उपाशीपोटी भांडलं की आवाज चढतो."

कुलूपबाई हसली, मग तिला रडू आलं. ऑफिसचा स्वेटर घरातल्या खुर्चीवरच राहू देऊन ती निघाली.