डावा हात

शंतनु गेला तेव्हा माझ्या लेकीचे अलंकार उतरवायला तिची बंगाली सासू बजबजहून आली. शंखाच्या पांढऱ्या आणि पोवळ्याच्या लाल बांगड्या तिने काढल्या, भांगातला शेंदूर पुसला. डाव्या हातातल्या सोन्याच्या कड्याकडे वळली, तशी मी आडवी आले. आमच्यात काचेच्या बांगड्या जातात, सोन्याच्या राहतात, असं मी तिला ठणकावून सांगितलं. बाई रडत रडत काहीतरी समजावत होती. पण मी ऐकून घेणाऱ्यांतली नाही, सगळ्या बँक कॉलनीला ठाऊक आहे.

जावयाच्या मेंदूतली रक्तवाहिनी सियालदहच्या फलाटावर फुटली होती. त्यानंतर माझ्या चैत्रालीचं डोकं दुखायला लागलं. ती रडली नाही, जेवेनाशी मात्र झाली. शंतनु डावीकडे उभा असतो, हात धरतो, असं ती दूध उतू गेलं म्हणावं इतक्या सहज सांगायची. तो तिला घेऊन जाणार, अशी मला भीती वाटायची.

डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय आणि त्यातच रक्तवाहिन्यांचा नकाशा काढायला सांगितला. सुई नाही, औषध नाही, सगळं काम चुंबकाचं. वाहतं रक्त पडद्यावर उजळ दिसतं, थांबलेलं दिसत नाही, असं त्यांनी मला समजावलं.

तपासणीच्या ठिकाणी मदतनीस बाईंनी अंगावरचं सगळं काढायला लावलं. कडं काही निघेना. साबण लावून पाहिला, पण मनगट सुजलेलं होतं. बाईंनी चैत्रालीचा मोकळा भांग पाहिला आणि कडं कशाचं आहे म्हणून विचारलं. सोनंच आहे, सोन्याला चुंबक लागत नाही, असं मीच छातीठोकपणे सांगितलं. ती एकटी आत जायला तयार नव्हती, म्हणून मीही सोबत गेले.

यंत्राजवळ पोचताच तिचा डावा हात वर गेला. तिने तो उचलला नव्हता. कुणीतरी मनगट धरून त्या बोगद्यात ओढत होतं, आणि माझी लेक कितीतरी महिन्यांनी हसली.

"आई, बघ ना. शंतनु आहे."

बाईंनी तिला कमरेला धरून मागे खेचलं आणि बाहेर आणलं. साधं चुंबक कड्याला लावलं, तर ते चिकटून बसलं. आत लोखंड होतं, वर नुसता सोन्याचा पत्रा. नवऱ्याच्या आयुष्यासाठी इथल्या बायका ते घालतात. विधवेच्या हातात ते असेल असं आमच्या मनातही आलं नाही, असं बाई म्हणाल्या. तिची सासू तेव्हा काय समजावत होती, ते मला आत्ता कळलं. माझा शहाणपणा नडला होता.

कडं कापून काढलं. तपासणी झाली. पडद्यावर तिच्या रक्तवाहिन्या पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या उमटल्या, सगळ्या उजळ, सगळ्या वाहत्या. कुठे फुगवटा नाही, अडथळा नाही. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. चैत्राली बराच वेळ पाहत राहिली.

"म्हणजे तो यात नाही," ती हळूच म्हणाली. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं.

परत निघताना त्या खोलीचं दार उघडं होतं, पुढच्या पेशंटला आत नेत होते. दारासमोरून जाताना चैत्रालीचा डावा हात पुन्हा वर गेला. आता मनगटावर फक्त कड्याचा पांढुरका वण होता. कड्याचे तुकडे माझ्या पर्समध्ये होते आणि पर्स खांद्यावर जागच्या जागी होती.

मी तिचा उजवा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. लोक बघत होते, बघू देत.

"शंतनु," मी दाराकडे तोंड करून म्हणाले, "सोड तिला. माझी आहे ती."

हात खाली आला. चैत्रालीचे डोळे भरून वाहायला लागले. तो गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

"आता खरंच गेला," ती म्हणाली, आणि माझ्या हातांतून तिने आपला उजवा हात सोडवून घेतला.