बाईंचा हुंकार

नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात बाईंची एकतीस वर्षे गेली होती, आणि निवृत्तीनंतर माणसे ज्या पुढच्या खोलीत सोफा मांडतात तिथे बाईंनी दवाखान्यातली लोखंडी खाट मांडली होती. खाटेशेजारी ट्रॉली, ट्रॉलीवर सरावाचा रबरी हात. दारावर पाटी नव्हती, पण कॉलेजातल्या मुलींना पत्ता तोंडपाठ होता. जिचा हात कच्चा, तिने यावे आणि हवा तितका वेळ सराव करावा. बाई स्वतः शिकत होत्या तेव्हा एका मेट्रनने सरावाचे सामान असलेल्या भांडारघराची किल्ली त्यांच्या हवाली करून त्यांचा हात असाच पक्का करून घेतला होता. मेट्रन कधीच गेल्या. त्यांचे ऋण पुढच्या मुलींना शिकवूनच फेडायचे, हा बाईंचा सरळ हिशेब होता.

या हिशेबात चिमणी तेवढी बसेना. आवाजावरून हे नाव पडलेली ही शेवटच्या वर्षाची मुलगी रक्त काढण्याच्या प्रात्यक्षिकात दोनदा नापास झाली होती. तिसरी आणि शेवटची संधी आठवड्यावर आली होती. ती हुकली की सगळे शिक्षण पाण्यात. चूक दोन्ही वेळा एकच. स्पिरिटने कातडी पुसून झाली की तिचे बोट शीर चाचपायला पुन्हा तिथेच जाई, आणि पुसलेली जागा बाटे. नवल हे, की बाईंसमोर ती चूक एकदाही होत नसे.

"माझ्यापुढे एवढ्या सफाईनं करतेस," बाई म्हणाल्या, "मग तिथं काय मानगुटीवर भूत बसतं?"

"माहीत नाही, मॅडम. तिथं सगळं शांत असतं."

कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या बाईंच्या यजमानांनी पान उलटले. "तिथंच घोडं पेंड खातं," ते म्हणाले. "अगं, तिचं बोट हलायच्या आत तू 'अं-हं' करतेस. आज सात वेळा केलंस."

"मी? मी तर तोंडातून ब्र काढला नाही."

"ब्र नाही काढलास, अं-हं काढलंस. मी भाजीत मीठ टाकतानाही तेच ऐकत आलोय."

वाद घालण्यात बाई हार जाणाऱ्या नव्हत्या. पण चिमणी ओठ दाबून रबरी हाताकडे पाहू लागली होती, आणि त्या पाहण्यात यजमानांच्या बोलण्याला साक्ष होती. आपल्या वर्गात चुका होत नाहीत, याचा बाईंना आजवर केवढा अभिमान. चुका होत नव्हत्या, कारण होण्याआधीच बाई त्या वेचून घेत होत्या. आपली चूक आपण पकडण्याची पाळी मुलींवर कधी आलीच नव्हती. हे ध्यानात आले तेव्हा बाई खाटेच्या कडेला बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मौनाचा निश्चय केला. तो तीन मिनिटे टिकला. जित्याची खोड ती.

मग बाई उठल्या, खाटेवर आडव्या झाल्या आणि त्यांनी बाही वर सारली. "रबराला दुखत नाही, मला दुखेल. चल, घे माझं रक्त." एवढे बोलून त्यांनी थर्मामीटर जिभेखाली धरला आणि ओठ मिटले.

"थर्मामीटरचा हा उपयोग कुठल्या पुस्तकात दिलाय?" यजमानांनी विचारले. उत्तर देण्याची सोय उरली नव्हती.

चिमणीने दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, स्पिरिटचा बोळा फिरवला, जागा वाळू दिली. आणि बोट निघाले. बाईंच्या घशाशी हुंकार आला. त्यांनी तो गिळला. बोट टेकले. चिमणीने सवयीने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले. बाईंनी डोळे मिटून घेतले. खोलीत पंख्याखेरीज कशाचाच आवाज नव्हता.

"हात लागला माझा," चिमणी हळूच म्हणाली, कुणालाच उद्देशून नव्हे. "परत पुसते."

तिने पट्टा सोडला, नवा बोळा घेतला आणि सगळे पहिल्यापासून केले. सुई गेली, रक्त आले. पुढचे चार दिवस सराव पुन्हा रबरी हातावर झाला, बाईंचे तोंड मात्र बंदच राहिले. शेवटच्या दिवशी तिचे बोट अर्ध्या वाटेवरून आपणहून माघारी वळले.

परीक्षेच्या दुपारी बाईंनी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो ओट्यावरच निवला. फोन वाजला तेव्हा त्या दारापाशी उभ्या होत्या.

"मॅडम, झाले पास. पण बोट लागलंच हो एकदा. मग मीच परीक्षकबाईंना सांगितलं की जागा बाटली, आणि परत पुसून घेतलं. त्या म्हणाल्या, चुकणाऱ्या पुष्कळ येतात, सांगून सुधारणारी तू पहिलीच." मग आवाज आणखी बारीक झाला. "एक सांगू का? रागावू नका. तेव्हा तुमची आठवणसुद्धा आली नाही मला."

"मग तर पेढ्यांहून गोड," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"काय म्हणतेय पोरगी?" आतून यजमानांनी विचारले.

"पास झाली. आणि मला विसरली, अहो."

बाईंनी खुर्ची ओढली, आठवडाभर ताठ राहिलेली पाठ तिला टेकली आणि पाय लांब केले. उद्या आणखी दोघी येणार होत्या.