ताजे पाऊल

रेनडिअर परत आला, माणूस आला नाही. याचा अर्थ तंबूतल्या तिघांनाही कळत होता आणि तिघांपैकी एकानेही तो बोलून दाखवला नव्हता.

किप्रियानचा एकुलता एक मुलगा प्रोकोपी आदल्या दिवशी भरकटलेली जनावरे हुडकायला गेला होता. दुपारनंतर वारा उठला. संध्याकाळी त्याचा रेनडिअर रिकाम्या खोगिरासह तंबूपाशी येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या चारही पायांवर गुडघ्यापर्यंत बर्फाची साल चढली होती. नदीच्या गोठलेल्या पाठीवर कधी कधी आतले पाणी फुटून वर येते आणि भुसभुशीत हिमाखाली दडून राहते. जनावर त्यात शिरले होते. स्वारही शिरला असणार. वारा पडेपर्यंत बाहेर पाऊल घालणे शक्य नव्हते. तो पहाटे पडला, आणि करडा उजेड फुटताच तिघे नदीच्या पात्रातून निघाले. पुढे किप्रियान, मागे त्याचा मेहुणा गाव्रिल, आणि त्यामागे आपल्या मादी रेनडिअरचा कासरा धरून सून उल्याना. ती पोटुशी होती. तिने तंबूत राहावे असे दोघांनाही वाटत होते, पण तिला तसे सांगण्याचे धैर्य दोघांकडेही नव्हते.

"प्रोकोपीऽऽ!" गाव्रिल ओरडे आणि थांबून कानोसा घेई. त्याचा आवाज दरीभर घुमत असे. "सापडू दे एकदा, दाजी. अशी एक ठेवून देतो कानाखाली, की पुढच्या हिवाळ्यापर्यंत टोपी घालायला नको!"

"आधी सापडू दे," किप्रियान म्हणाला.

"सापडेल हो. तुमचाच पोरगा. मरायलासुद्धा आळस करील."

मागून उल्याना म्हणाली, "करडे, मामांना सांग, हाका मारताना असलं काही बोलू नये."

करडी हे त्या रेनडिअरचे नाव. त्यांच्या कुळात सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलायचे नाही, त्याचे नाव उच्चारायचे नाही, तो सामोरा आला तर शाल तोंडावर ओढून वाट द्यायची, असा दंडक होता. ही रीत निष्ठुर आहे असे बाहेरचा माणूस म्हणेल. परंतु त्या घरात तिला एक आपलेपणा आला होता. "करडे, आज रश्श्यात मीठ जास्त झालं का गं? मोठी माणसं नुसतं पाणी पितायत," असे ती म्हणे, आणि किप्रियान तंबूच्या धुराड्याकडे बघत उत्तर देई, "गाव्रिल, त्या करडीला सांग, मीठ बरोबर आहे, म्हाताऱ्याची जीभ बिघडलीय." प्रोकोपी मध्ये बसून पोट धरधरून हसत असे.

नदीच्या वळणाअलीकडे किप्रियान एकाएकी थांबला आणि त्याने हात आडवा धरला.

पलीकडच्या काठावरून उतरून, पात्र तिरपे ओलांडून, अलीकडच्या, तंबूच्या बाजूच्या झुडपांकडे पावलांची एक माळ गेली होती. हिम पिठासारखे कोरडे असल्यामुळे प्रत्येक पावलाच्या कडा आत ढासळल्या होत्या. तो गुडघ्यांवर बसला. उभ्या आयुष्याच्या हिमावरच्या उन्हाने त्याचे डोळे झिजले होते. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती. हल्ली तो माग डोळ्यांनी कमी आणि बोटांनी अधिक वाची. त्याने हातमोजा काढून पावलात बोटे फिरवली. रुंद टाच. बुटाचा तळ नाही, खूर नाही. पुढच्या बाजूला खाचा. मोजल्या, तर पाच.

"कुणाचंय?" गाव्रिलने विचारले.

किप्रियानने आवाज खाली आणला. "आजोबांचं."

अस्वलाचे खरे नाव त्या रानात कोणी घेत नसे. हिवाळ्यात आजोबा निजलेले असतात; जो निजला नाही तो उपाशी असतो, आणि उपाशी आजोबा माणूस पाहत नाही, जनावर पाहत नाही. अशा पावलांशी हाका बंद करायच्या, जनावरांच्या घंटा वाजू नयेत म्हणून आवळून टाकायच्या, गर्भारशीने तो माग ओलांडायचा नाही, आणि तो कोठून आला हे पाहायला तर मुळीच जायचे नाही. कारण आजोबांनी सोडलेले घर उघड्या डोळ्यांनी पाहणे हा त्यांचा अपमान होय.

"लहान आहे की," गाव्रिल पुटपुटला.

"वाळलाय. चरबी धरली नाही म्हणून तर झोप लागली नाही."

"आणि चाल बघा, दाजी. दारू प्यायल्यासारखी."

"भुकेनं झोकांड्या जातायत."

उल्याना कासरा धरून मागे उभी होती. ती म्हणाली, "करडे, नखं कुठायत गं? आजोबांची नखं तर बोटांच्या कितीतरी पुढं उमटतात."

किप्रियानने ते ऐकले. शंका रास्त होती. पण तिचे उत्तरही त्याच्यापाशी तयार होते, आणि ते चुकीचे नव्हते. "गाव्रिल," तो म्हणाला, "असल्या पिठात नखं राहत नाहीत. ढासळतात."

प्रत्येक शंकेला एक खरे उत्तर होते, हीच त्या सकाळची भीषण गोष्ट. रानात हिवाळ्यात अनवाणी चालणारा, पाच बोटांचा, सपाट टाचेचा प्राणी एकच. दुसरा असतो हे किप्रियानने कधी पाहिले नव्हते. आणि न पाहिलेली वस्तू बोटांना लागली तरी ओळखता येत नाही. अस्वलाचे मोठे बोट बाहेरच्या अंगाला असते आणि माणसाचे आतल्या, हे प्रोकोपीला लहानपणी त्यानेच शिकवले होते. परंतु त्या ढासळलेल्या खाचांत लहानमोठे काही उरले नव्हते.

शेवटी त्याने पावलाची आतली भिंत दाबून पाहिली. मोडलेले हिम थोड्या वेळाने धरते, कठीण होते. हे अजून मऊ होते.

"ताजं आहे," तो म्हणाला. "आत्ताच गेलाय. फार लांब नाही. कदाचित आपल्याला ऐकतोय."

गाव्रिलपाशी जुनी बंदूक होती, तिचा भरवसा नव्हता. किप्रियानने सुनेच्या पोटाकडे पाहिले आणि नजर वळवली. मुलगा बहुधा गेला. नातवंड अजून आहे. त्याने याहून वेगळा निर्णय घ्यायला हवा होता असे म्हणणाऱ्याने आधी त्या नदीवर त्याच्या जागी गुडघे टेकावेत.

"परत फिरा. तोंडातून शब्द नको. तंबू नदीपलीकडे हलवू, मग शेजारच्या तळावरून माणसं आणि चांगल्या बंदुका घेऊन येऊ."

"पण दाजी, प्रोकोपी..."

"शब्द नको म्हटलं ना!"

गाव्रिलने करडीच्या गळ्यातली घंटा मुठीत आवळून धरली. उल्याना क्षणभर जागची हलली नाही. मग वळली. दरीत ज्या हाका घुमत होत्या त्या थांबल्या, आणि तिघे आपल्याच पावलांवरून मुकाट्याने परत गेले.

तंबू हलवेपर्यंत दिवस कलू लागला. नव्या जागी गाव्रिल खांब उभे करत होता. किप्रियान निघण्यासाठी जनावर सजवत होता. त्याने इकडेतिकडे पाहिले, तर करडी जागेवर नव्हती.

"गाव्रिल, पोरगी कुठाय?"

"लाकडं आणायला गेली असेल."

"कुऱ्हाड इथंच आहे की!"

ते तिच्या मागावर धावत सुटणार, एवढ्यात ती समोरूनच येताना दिसली. करडीच्या पाठीवर काहीतरी बांधले होते. उल्यानाने ते सोडले आणि हिमावर ठेवले: बूट, रेनडिअरच्या कातड्याचे, घोट्यापाशी लाल दोऱ्याची नक्षी असलेले. ती नक्षी तिनेच भरली होती. आत बर्फ गोठून ते दगडासारखे झाले होते.

"करडे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कोठेही कापला नाही, "सांग ह्यांना, आपण त्या पावलांच्या उलट्या वाटेनं गेलो. काठावर एक पडलेलं झाड आहे. त्याच्या आडोशाला हे होते. शेजारी शेजारी, टाचा जुळवून, दाराशी काढून ठेवतात तसे. अंगरखासुद्धा घडी करून ठेवलेला."

गाव्रिलने एक बूट उचलून आतला बर्फ ठोकून पाहिला. गारठून मरणाऱ्याला शेवटी ऊब वाटू लागते हे त्या रानात सगळ्यांना ठाऊक होते. कपडे काढून पडलेली प्रेते दोघा पुरुषांनीही पाहिली होती; पण उठून चालू लागलेला कोणी पाहिला नव्हता. प्रोकोपीला वाटले होते, आपण घरी पोचलो. रीतीचा मुलगा, बूट बाहेर काढून तो आत निघाला होता.

माग काढणाऱ्याचा पहिला धडा असा, की पाऊल कोठे गेले हे नंतर पाहावे, कोठून आले हे आधी. हा धडा किप्रियानने साऱ्या कुळाला शिकवला होता. उल्यानाने तो पाळला होता.

नदी ओलांडून ते वळणाशी आले. सकाळी किप्रियान जेथे गुडघ्यांवर बसला होता तेथे त्याच्या गुडघ्यांचे ठसे होते, आता दगडासारखे कठीण झालेले. तेथून अनवाणी पावले झुडपांत शिरत होती. फार लांब जावे लागले नाही. हाकेच्या टप्प्यात, असेही म्हणवत नाही. साधे बोलणे ऐकू गेले असते एवढ्या अंतरावर प्रोकोपी कुशीवर पडला होता. गुडघे पोटाशी घेतलेले. शेवटच्या पावलांपाशी माग मोडला होता: तो पडला होता, मग रांगत नदीच्या दिशेने वळला होता. ज्या दिशेने हाका येत होत्या त्या दिशेने. पुन्हा थोडे रांगून तो थांबला होता.

किप्रियानने त्याच्या गालाखाली हात घातला. तेथे हिम वितळून पुन्हा गोठले होते, गुळगुळीत, काचेसारखे. श्वासाने असे व्हायला बराच वेळ लागतो. किती, ते त्याची बोटे जाणत होती. या वेळी ती चुकत नव्हती.

"दाजी," गाव्रिलने विचारले, "केव्हाचं असेल हो?"

किप्रियानने हात काढून घेतला.

"रात्रीचं," तो म्हणाला. "रात्रीच गेला बिचारा. आपण निघालो तेव्हा काही उरलं नव्हतं."

"देवाची दया," गाव्रिल म्हणाला आणि त्याने टोपी काढली.

उल्याना करडीच्या मानेवर हात ठेवून उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिले, मग हिमात मोडलेल्या त्या मागाकडे.

"करडे," ती हळूच म्हणाली, "रात्री गेलेला माणूस सकाळी ताजं पाऊल कसं उमटवतो गं?"

गाव्रिलची टोपी हातातच राहिली.

किप्रियान उठला. सुनेकडे तोंड करून, सरळ तिच्याकडे पाहत, जे त्या कुळात कोणा सासऱ्याने केले नव्हते ते त्याने केले.

"उल्याना," त्याने नावाने हाक मारली. "पोरी, माझ्याशी बोल. शिव्या दे. काय वाटेल ते म्हण, पण मला म्हण."

तिने शाल ओढून तोंड झाकले, कासरा जवळ घेतला, आणि सासरा समोर आल्यावर घरंदाज सुनेने जसे सरावे तशी ती एक पाऊल बाजूला सरून त्याला वाट देऊन उभी राहिली.