लाल पट्टीची वायर

“हलव,” लाम्ब्रोस म्हणाला.

“सकाळपासून तिसऱ्यांदा हलवतोय,” मी म्हणालो. “वायर आहे ती, दुखरा दात नाही.”

“हलव रे, थेमी.”

मी वायरीचं टोक धरून हलवलं. लाम्ब्रोस आवाजाच्या मिक्सरवर वाकून, हेडफोन कानाला लावून, डोळे मिटून ऐकत होता. जरा कुठे खरखर आली असती तर त्यानं ती वायर तिथेच उपटली असती, तिच्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळली असती आणि गाडीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकली असती. लाल पट्टी लागली की ती वायर पुन्हा जत्रेला यायची नाही. सव्वीस वर्षं आम्ही एकत्र जत्रा करतोय, मी लाउतोच्या तारा छेडतो आणि तो आवाज सांभाळतो. एवढ्या वर्षांत त्याच्या वायरीनं ऐन वेळी एकदाही दगा दिला नाही. हे तो स्वतःहून कधी सांगायचा नाही, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर मान हलवून म्हणायचा, “हं, ते खरंय.” त्या माणसाला गर्व म्हणून होता तो एवढाच.

त्याचा धंदाच असा की कौतुक वाट्याला यायचं नाही. कार्यक्रम रंगला तर वादक चांगले. माइकनं शिट्टी मारली तर लाम्ब्रोस गाढव. मागच्या बाकावरची म्हातारी म्हणणार आवाज वाढव, पुढची म्हणणार माझे कान फुटले, आणि दोघी एकाच वेळी त्याच्याकडे बोट दाखवणार. तो दोघींकडे बघून मान डोलवायचा, एखाद्या बटणावर उगाच बोट ठेवायचा आणि काही म्हणजे काही फिरवायचा नाही. दोघी खूश. मी असतो तर एकीला तरी शिव्या घातल्या असत्या.

काराव्रीसी हे त्याच्या आईचं गाव. ऑगस्टच्या पंधरा तारखेला, देवमातेच्या सणाला, तिथल्या चर्चच्या अंगणात जत्रा भरते. प्रार्थना संपली की भर दुपारी अक्रोडाच्या झाडाखाली टेबलं लागतात, बकरं भाजलं जातं आणि मग वाद्यं. आमच्या एपिरसच्या डोंगरात जत्रेची सुरुवात नाचानं होत नाही. आधी वर्षभरात गेलेल्यांसाठी क्लॅरिनेटवर विलाप वाजतो. तेवढा वेळ कुणी घास तोंडात घालत नाही, पोरंसुद्धा गप्प बसतात. मेलेल्यांना त्यांचा वाटा दिला की मग जिवंतांनी नाचायचं.

हा विलाप चाळीस वर्षं कोस्मासकाका वाजवत आला होता. वय पंचाहत्तर, बोटं अजून पाण्यासारखी, पण छाती गेलेली. दोन ओळी वाजवल्या की श्वास संपायचा.

आणि तरी गावाला कधी कळलं नाही, ते या लाम्ब्रोसमुळे. आवाजाला मागून घुमारा देणारं एक यंत्र असतं. आमच्याकडे लोकांना तो घुमारा भारी आवडतो, क्लॅरिनेट डोंगरापलीकडून आल्यासारखी वाटली पाहिजे. बाकीचे ध्वनिवाले ते यंत्र एकदा लावतात आणि बिअर प्यायला जातात. लाम्ब्रोसचा अंगठा मात्र पूर्ण विलापभर त्या बटणावर. काकाचा खांदा जरासा वर गेला, म्हणजे आता तो श्वास घेणार, की लाम्ब्रोस घुमारा वाढवायचा. काकाचा सूर थांबलेला असायचा, पण त्याची शेपटी अंगणात फिरत राहायची. तेवढ्यात काका दम घ्यायचा, पुढचा सूर लागायचा, आणि अंगठा हळूच खाली. सांधा कुठे आहे ते देवालाही सापडलं नसतं. मला कळलं ते मी पाच पावलांवर बसतो म्हणून. चार वर्षं हे चाललं होतं आणि मी मूग गिळून बसलो होतो. पण खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा. स्वतःच्या सख्ख्या बापासाठी कुणी एवढं करत नाही.

त्या वर्षी गोष्ट अवघड होती. काकाची बायको हाइदो ईस्टरच्या आधी गेली. म्हणजे यंदाचा विलाप तिचाही. शिवाय जत्रा समितीचा अध्यक्ष झिकोस यानं यानिना शहरातून दुसरा एक क्लॅरिनेटवाला आणून पहिल्याच टेबलावर बसवला होता. झिकोसचं शहरात हॉटेल, त्यामुळे त्याला वाटायचं गावही आपलंच गिऱ्हाईक आहे.

“नाचाला हा वाजवेल,” तो सकाळीच येऊन सांगून गेला. “विलाप म्हाताऱ्याला वाजवू दे, बायको गेलीय बिचाऱ्याची. पण मधे लटकला तर पुढल्या वर्षीपासून सगळंच याच्याकडे. गावाचं नाव आहे शेवटी.”

“नाव गावाचं आहे की हॉटेलचं?” मी विचारलं.

“तू तारा जुळव, थेमी.”

प्रार्थना संपत आली तेव्हा काका काळा सदरा घालून, क्लॅरिनेट काखेत धरून आला. माझ्याकडे न बघता सरळ लाम्ब्रोसच्या टेबलापाशी गेला आणि त्या यंत्रावर टिचकी मारली.

“हे आज बंद ठेव.”

लाम्ब्रोसचा चेहरा उतरला. “काय बंद ठेवू, काका?”

“सोंग नको करूस. चार वर्षं माझा श्वास संपतो आणि माझा सूर संपत नाही. मी म्हातारा आहे रे, बहिरा नाही.”

चोरी पकडली गेल्यासारखा लाम्ब्रोस वायरींकडे बघत राहिला. काका म्हणाला, “रागावलो नाही मी. तुझ्या जिवावर चार वर्षं ताठ मानेनं घरी गेलो. पण घरी ती होती. पन्नास वर्षं तिनं मला स्वयंपाकघरात ऐकलं, तिथे कुठला माइक? माझा दम कुठे तुटतो ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तिच्यापुढे उसना श्वास घेऊन जाऊ?”

“तुटेल, काका. ऐन मधे तुटेल.”

“तुटू दे.”

“लोक म्हणतील, कोस्मास संपला.”

“म्हणतील.” काकानं क्लॅरिनेट दुसऱ्या काखेत घेतली. “त्याची भीती वाटते मला, वाटत नाही असं नाही. रात्रभर झोपलो नाही. तरीपण बंद कर.”

लाम्ब्रोसनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं बटण शून्यावर नेलं आणि काकाला दाखवलं. काकानं त्याच्या गालावर हलकी थाप मारली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

लाम्ब्रोस मागोमाग आला. माइक नेहमी क्लॅरिनेटच्या तोंडाशी असायचा, तो त्यानं चार बोटं वर घेतला, काकाच्या हनुवटीच्या जवळ. मला तेव्हा कळलं नाही का.

पाद्रीनं गेलेल्यांची नावं वाचली. त्या वर्षी सहा. हाइदोचं नाव शेवटी आलं. टेबलं गप्प झाली, सिकाडा किडे तेवढे अक्रोडावर किरकिरत होते. मी एकच तार धरून ठेवली आणि काकानं सुरुवात केली.

पहिली ओळ नीट गेली. घुमाऱ्याशिवाय ती क्लॅरिनेट लहान वाटत होती, एखाद्या खोलीत वाजावी तशी. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर सूर तुटला. एकदम रिकामं. आणि त्या रिकाम्या जागेत स्पीकरमधून काकाचा श्वास ऐकू आला, आत ओढलेला, खरखरीत, ओला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाम्ब्रोसनं श्वास उसना दिला नव्हता. होता तो श्वास मात्र पूर्ण अंगणाला ऐकवला होता.

पुढे सूर तीनदा तुटला. तिसऱ्या वेळी इतका वेळ गेला की मला वाटलं आटोपलं. पुढच्या बाकावर काळ्या रुमालातल्या दोन म्हाताऱ्या होत्या, त्यांनी रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. मी लाम्ब्रोसकडे पाहिलं. त्याचा अंगठा त्या शून्यावरच्या बटणाच्या बाजूला, टेबलाच्या लाकडावर होता. काकाचा खांदा वर गेला की तो अंगठा लाकडावरून वर सरकायचा आणि सूर लागला की खाली यायचा. काही होणार नव्हतं त्यानं. त्यालाही ते ठाऊक होतं. ते बघताना माझं बोट सरकलं आणि माझी तार थोडी चढली. त्या दिवशी खरी चूक झाली असेल तर ती माझी.

काकानं शेवटची ओळ पुरी केली. क्लॅरिनेट मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून बसला.

तेवढ्यात झिकोस तरातरा टेबलापाशी आला. अर्ध्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “काय चाललंय, लाम्ब्रो? सारखं तुटत होतं. का म्हाताऱ्याला झेपलं नाही?”

टेबलांवरची डोकी वळली. यानिनाच्या क्लॅरिनेटवाल्यानं पेटी अर्धी उघडली होती, तो थांबला. सगळं आता लाम्ब्रोसच्या तोंडून काय निघतं त्यावर होतं.

लाम्ब्रोस शांतपणे म्हणाला, “वायर सैल होती.”

“तुझी वायर?”

“माझी. सकाळी बघायला हवी होती. राहिलं.”

सकाळी ती वायर तीन वेळा हलवलेले माझे हात मांडीवर होते. मी ते लाउतोखाली लपवले.

“वाटलंच मला,” झिकोस टेबलांकडे वळून म्हणाला. “कोस्मास असा कसा अडखळेल? वायरच सैल.” मग खाली वाकून, पण फार खाली नाही, “तुझ्या आईचं गाव म्हणून तुला बोलावत आलो. विलापाच्या वेळी असं चालत नाही बाबा. पुढल्या वर्षी आम्ही दुसरा माणूस बघतो.”

“बघा,” लाम्ब्रोस म्हणाला.

टेबलांवर कुजबुज सुरू झाली. वायर होती तर, बिचारा कोस्मास, एवढं सुंदर वाजवत होता. माझ्या शेजारी काकाचे डोळे उघडले. त्याचा चेहरा लाल झाला होता. खुर्चीचे हात धरून तो पुढे झाला, माइकला ओठ लागतील इतका जवळ गेला, आणि मला कळलं हा आता काय करणार.

“ऐका,” काका म्हणाला. “वायरीत काही दोष नव्हता. श्वास माझा तुटला. या पोरानं…”

पण काकानं तोंड उघडायच्या आधीच लाम्ब्रोसनं माइकचा आवाज खाली ओढून घेतला होता. एका बोटानं, सावकाश, कुणाच्या लक्षात येऊ नये असा. काका पुढे बोलत होता, ओठ हलत होते, आणि चाळीस टेबलांपैकी एकालाही त्यातलं काही पोचत नव्हतं. लोकांना वाटलं म्हातारा बायकोसाठी प्रार्थना पुटपुटतोय. त्यांनी मान खाली घातली. मी शेजारी बसलो होतो म्हणून मी सगळं ऐकलं.

काकाच्याही ते लक्षात आलं. तो थांबला. त्यानं लाम्ब्रोसकडे बघितलं आणि मग मागे टेकून बसला.

लाम्ब्रोस उठला. काकाच्या माइकची वायर काढली, दुसरी लावली आणि जुनी हातावर गुंडाळत आपल्या टेबलापाशी आला. झिकोस अजून तिथेच उभा होता. त्याच्यासमोर लाम्ब्रोसनं खिशातून लाल चिकटपट्टी काढली, दातानं तुकडा तोडला आणि त्या धडधाकट वायरीला नीट दोन वेढे देऊन चिकटवला.

काका त्याच हिवाळ्यात गेला. काराव्रीसीत अजून सांगतात की कोस्मासनं शेवटपर्यंत एक सूर चुकवला नाही, फक्त त्या वर्षी लाम्ब्रोसची वायर खराब होती. मी तिथे नाचाच्या ओळीत उभा राहून हे ऐकलंय आणि गप्प बसलोय.

ती वायर गाडीतल्या पत्र्याच्या डब्यात आहे. मागे एकदा मी ती काढून पाहिली, एक टोक मिक्सरात घातलं आणि दुसरं हलवलं. जराही खरखर नाही. “पट्टी काढू का?” मी विचारलं.

“राहू दे,” तो म्हणाला, आणि दुसरी वायर माझ्या हातात दिली. “ही हलव.”